घर दिसते का? : शरदातल्या प्रवासलेखांचे आणि छायाचित्रांचे वाचन

दिवाळी अंकातल्या कथेवर चर्चा होते, कवितेवर वाद होतात, मुखपृष्ठावरसुद्धा पत्रे येतात. प्रवासलेख मात्र वाचला जातो, त्यातली छायाचित्रे पाहिली जातात आणि अंक बाजूला ठेवला जातो. त्याची समीक्षा करावी असे फारसे कुणाला वाटत नाही. गेली काही वर्षे मी जुने दिवाळी अंक जमवून त्यांतले प्रवासलेख सलग वाचतो आहे. हा अभ्यास कोणत्या पदवीसाठी नाही. मला शिकवायला कुणी मार्गदर्शक नव्हता. रद्दीची दुकाने, तालुक्याची वाचनालये आणि वेळ एवढेच भांडवल. पण सलग वाचण्याचा एक फायदा असतो. एकेकटा वाचताना जो लेख वेगळा वाटतो, तो पन्नास लेखांच्या रांगेत ठेवला की त्याचा साचा दिसू लागतो.

हा साचा थोडक्यात असा. लेखाच्या आरंभी घर असते आणि ते कोंदट असते. पाऊस लांबलेला, भिंतींना ओल, मनाला मरगळ. कधी निवृत्तीनंतरचे रिकामपण, कधी आजारपण, कधी मुले परदेशी गेल्यावरचा सुना फ्लॅट. मग कुणीतरी म्हणते, ‘चला, कुठेतरी जाऊन येऊ.’ तिसऱ्या परिच्छेदात बॅग भरली जाते, कॅमेरा बरोबर घेतला जातो. पाचव्या परिच्छेदात डोंगर, तळे, फुलांचे पठार किंवा परदेशातली लाल-पिवळी झाडी येते. उजेड येतो, छायाचित्रे येतात. अखेरीस लेखक ‘ताजातवाना होऊन’ परततो. तो ज्या घरी परततो ते घर मात्र लेखात पुन्हा येत नाही.

या साच्याला माझी हरकत नाही. साचे सगळ्याच वाङ्मयप्रकारांना असतात. मला दोन प्रश्न पडले. शरद ऋतूला चिकटलेले हे मळभ मराठीत आले कुठून? आणि प्रवास व कॅमेरा यांनी ते जाते असे मानून लिहिले, की त्या लेखनाचे काय होते?

ऋतूंचा घोळ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंचांगातच अर्धे सापडते. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, मार्गशीर्ष-पौष म्हणजे हेमंत, माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. आपली पानगळ शिशिरातली. ती संपता संपता पळस फुलतो, म्हणून आपल्या पानगळीच्या पाठीशी वसंत उभा असतो. इंग्रजी ‘ऑटम’ मध्ये मात्र पानगळ, ढगाळ आभाळ आणि येऊ घातलेला काळोख ही तिन्ही एकत्र येतात. या शब्दासाठी आपण ‘शरद’ हा प्रतिशब्द घेतला आणि त्यामागची उदासीही विनातपास आत येऊ दिली. संस्कृत-मराठी परंपरेतला शरद उदास नाही. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त तो नव्या नवरीच्या रूपात येतो. कोजागरीचे चांदणे याच ऋतूतले. दुर्गा भागवतांनी 1956 साली ‘ऋतुचक्र’ लिहिले ते देशी महिन्यांच्या क्रमाने. इथला निसर्ग इथल्या महिन्यांच्या नावांनीच वाचता येतो, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले.

याचा अर्थ शरदातली उदासी खोटी, असा नव्हे. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ती खरीच भेटते. तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतात आणि नोव्हेंबरच्या आरंभी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. नेमकी त्याच काळात आपली दिवाळी येते. उजेड कमी झाल्याने येणाऱ्या ऋतुजन्य नैराश्याला 1984 साली डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय नाव दिले. तिथल्या मराठी माणसाने उजेडाच्या शोधात दक्षिणेकडचे विमान पकडले, तर त्यात नवल नाही. पुण्या-मुंबईच्या लेखकाने तीच उदासी उसनी घेतली, की घोळ सुरू होतो. ऑक्टोबरच्या उन्हात घामाघूम होत असताना तो ‘शरदातली पानगळ’ लिहितो.

अनंत काणेकरांच्या 1940 सालच्या प्रवासवर्णनाचे नावच ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ आहे. काळोखाकडून उजेडाकडे जाणारी वाट त्या नावातच आखलेली आहे. मात्र काणेकरांचे धुके युरोपातले होते आणि तारा राजकीय होता. पुढच्या लेखकांनी ती वाट घेतली, त्यातले राजकारण गाळले आणि धुके स्वतःच्या दिवाणखान्यात आणून ठेवले.

निघण्याची जुनी रीत

आपल्याकडे शरद हा बाहेर पडण्याचाच ऋतू आहे. पण त्याचे कारण वेगळे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. या काळात संन्यासी एका जागी राहतात, नर्मदेचे परिक्रमावासी मुक्काम करतात आणि कार्तिकीनंतर पुन्हा चालू लागतात. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास आश्विनी पौर्णिमेला संपतो. दसऱ्याला सीमोल्लंघन होते. मराठ्यांच्या मोहिमा त्यानंतरच निघत. नद्या उतरत, वाटा वाळत, म्हणून माणसे निघत. घराला कंटाळून निघणे या रीतीत बसत नव्हते.

मराठीतल्या दोन जुन्या प्रवासकथा या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. पहिली आमच्या जिल्ह्याची. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून हिंगोली तालुक्यातले नरसी गाव ओळखले जाते. काही अभ्यासक पंढरपूरचा पक्ष घेतात. तो वाद इथे नको. नामदेवांच्या नावावर असलेल्या ‘तीर्थावळी’च्या अभंगांत ज्ञानदेव त्यांना तीर्थयात्रेला चला म्हणतात. नामदेवांचा पाय पंढरीतून निघत नाही. ते विठ्ठलाला विचारतात. विठ्ठल परवानगी देतो, पण त्यालाही विरह होतो. वाटेवर नामदेवांचे चित्त मागे लागलेले असते. तीर्थे घडतात, आडातले पाणी वर येण्याचा चमत्कार घडतो, तरी ओढ पंढरीचीच राहते. परतल्यावर मावंदे होते आणि तिथे खरा आनंद येतो.

म्हणजे आजचा साचा इथे नेमका उलटा आहे. उजेड घरी आहे आणि काळोख वाटेवर. प्रवास करायचा तो मागे राहिलेल्या घराची किंमत कळावी म्हणून. हेच नामदेव पुढे पंजाबात गेले, घुमानला राहिले आणि त्यांची 61 पदे गुरु ग्रंथसाहिबात आली. घराची ओढ असलेला माणूस दूर जाऊ शकत नाही, असे यातून ठरत नाही. घर मनात असणारा माणूस दूरच्या लोकांच्या भाषेतही राहू शकतो, एवढे मात्र दिसते.

दुसरी कथा विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ची. वरसईच्या या भिक्षुकाचे घर कर्जाने वाकलेले होते. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते 1857 साली काकांबरोबर निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी पाहिला, लुटारूंनी त्यांना नागवले. मिळवलेले द्रव्य पुष्कळसे वाटेतच गेले. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली. 1883 च्या सुमारास लिहिलेली ही हकीकत चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापली.

इथे घरी उदासी आहे, अगदी रोकड्या हिशेबातली. तिच्यावर उपाय म्हणून प्रवासही आहे. पण गोडसे ती उदासी वाटेत विसरत नाहीत. प्रत्येक मुक्कामी हाती आलेल्या दक्षिणेचा त्यांना हिशेब असतो, कारण त्या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला वरसईचे देणे असते. ‘माझा प्रवास’ इतिहासाचे साधन म्हणून वाचला जातो. मला तो घर न विसरणारे प्रवासवर्णन म्हणून जास्त मोलाचा वाटतो.

पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ (1960) हसवते म्हणून आपण तिच्याकडे या नजरेने पाहत नाही. पण तिच्यातला विनोद परदेशाला घरचे माप लावूनच उभा राहतो. पाहणारा मराठी मध्यमवर्गीय संसार एकाही पानावर नाहीसा होत नाही. तिच्याबरोबर शि. द. फडणीसांची रेखाचित्रे आली हेही लक्षात घ्यावे. व्यंगचित्रात पाहणारा माणूस चित्राच्या आत असतो. छायाचित्रात तो कॅमेऱ्यामागे जातो आणि दिसेनासा होतो.

चौकटीत कोण, चौकटीबाहेर कोण

इथून प्रश्न कॅमेऱ्याकडे येतो. छायाचित्रकारासाठी शरद खरोखर उत्तम. पावसाने हवेतली धूळ बसलेली असते, आभाळ निवळलेले असते, सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने सावल्या लांबतात. दिवाळी अंकांतल्या छायाचित्रांना जो गुण असतो त्यातला बराचसा या उन्हाचा.

मराठवाड्यातल्या कॅमेऱ्याचा इतिहास पाहायचा तर अजिंठ्यापाशी थांबावे लागते. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर होता. 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्या नकलांतल्या बहुतेक जळाल्या. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता. लेण्यांची व देवळांची त्याची त्रिमितीय छायाचित्रे 1864 साली पुस्तकरूपाने निघाली. 1879 साली तो इकडेच वारला. त्याची कबर भुसावळला आहे. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य त्याच्यावर आणि पारोवर लिहिले. ज्या लेण्यांत भिक्खू पावसाळ्याचे महिने एका जागी काढत, तिथेच एक परका माणूस नोकरीसाठी आला आणि कायमचा राहिला. दोन दिवसांच्या सहलीतून आणलेल्या छायाचित्रांशी त्याच्या कामाची तुलना करताना हा फरक विसरून चालत नाही.

त्या काळातल्या पुराणवास्तूंच्या छायाचित्रांत खांबाशेजारी एखादा माणूस उभा केलेला असे. खांब किती उंच ते कळावे, एवढेच त्याचे काम. त्याचे नाव कुणी लिहून ठेवत नसे. आजच्या प्रवासलेखातला माणूस मापासाठी उभा नसतो. तो रंगासाठी असतो. लाल पागोट्याचा म्हातारा, डोक्यावर हंडे घेतलेली बाई, बैलगाडीतली मुले. खाली ओळ येते : ‘ग्रामीण जीवनाचे रंग’. नाव अजूनही नाही.

फुलांच्या पठारांचे तसेच. कासच्या छायाचित्रांत क्षितिजापर्यंत फुले असतात. गर्दी आवरण्यासाठी तिथे नोंदणी आणि कुंपण यांवर वाद झाले. छायाचित्रात ना रांग दिसते, ना कुंपण. एकांत तिथे असतोच असे नाही. तो पुष्कळदा चौकट कापून तयार केलेला असतो. घरातली गर्दी टाळायला निघालेला माणूस तिथली गर्दीही छायाचित्रातून कापून टाकतो.

याला पर्याय आहे, आणि तो मराठीतच आहे. गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी घर सोडून गेले. त्यांच्याइतकी पायपीट क्वचितच कुणा मराठी लेखकाने केली असेल. पण ते एकाच किल्ल्यावर पुन:पुन्हा जात. राजगडावर तर मुक्कामच ठोकीत. त्यांनी किल्ल्यांची छायाचित्रेही काढली. त्या छायाचित्रांत ‘इथे एकदा येऊन गेलो’ हा भाव नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा निरखावा तसे ते बुरूज निरखतात. घर सोडलेल्या माणसाने किल्ल्यांनाच घर केले. दुसरे उदाहरण अगदी वेगळे. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. ज्या शहरात ते राहतात, त्याच शहराच्या गटारांपर्यंत त्यांचा कॅमेरा गेला. त्यासाठी त्यांना दूर जावे लागले नाही. उदासीपासून पळण्यापेक्षा तिच्याकडे रोखून पाहण्यासाठीही कॅमेरा असतो, हे त्या कामाने दाखवले.

फाट्यावरचा शरद

मी राहतो तो वारंगा फाटा कळमनुरी तालुक्यात आहे. अकोला–हिंगोली–नांदेड हा रस्ता आणि तुळजापूर–नांदेड–यवतमाळ–नागपूर हा रस्ता इथे भेटतात. इथल्या खिचडीसाठी गाड्या थांबतात. शरदात इथे दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत गळ्यात कॅमेरा अडकवून माहूरला, औंढा नागनाथला, लोणारला निघालेली कुटुंबे हा एक प्रकार. दसरा झाला की ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, शेळी आणि लेकरे घालून निघालेल्या ऊसतोड टोळ्या हा दुसरा. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परत यायचे नाही. गाळप संपले की उन्हाळ्याच्या तोंडावर ते येतात. गोडसे भटजींच्या वाटेने जाणारे आजचे प्रवासी हेच. यांच्याही घरी देणे आहे आणि यांचीही वाट त्या देण्याने आखलेली आहे. दिवाळी अंकातला प्रवासलेख मात्र पहिल्या गाडीतल्या माणसाचाच असतो.

इथली शरदातली उदासी परदेशातून आलेली नाही. ती परतीच्या पावसाची. सोयाबीन कापून गंजी लावायच्या वेळी पाऊस आला की शेंगांना कोंब फुटतात. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीनंतर तर कित्येकांच्या शेतात काढायला पीकच उरले नाही. त्या दिवाळीत माझ्या घरीही आकाशकंदील लावावासा वाटत नव्हता. ओसरीत काळ्या पडलेल्या सोयाबीनचा कुबट वास होता. त्याच आठवड्यात टपालाने एक दिवाळी अंक आला. त्यात हिमालयातल्या एका दरीचा प्रवासलेख होता, पिवळ्या झाडांची आठ पानी छायाचित्रे होती. मी तो लेख दोनदा वाचला आणि मला बरे वाटले. हे इथे नोंदवणे भाग आहे, कारण ‘पलायनवादी’ असा शिक्का मारून असे लेखन मोडीत काढणे सोपे असते. अर्धा तास का होईना, त्या लेखाने मला ओसरीवरून उचलून नेले. साहित्याने एवढे काम केले तरी ते थोडे नाही.

पण तिसऱ्यांदा वाचताना मी त्या लेखात घर शोधू लागलो. लेखकाने आरंभी ‘गेले काही महिने कठीण गेले’ असे एक वाक्य लिहिले होते. कुणाचे महिने, कशामुळे कठीण, पुढे एक अक्षर नाही. त्या एका वाक्यात पुढच्या आठ पानांहून मोठा ऐवज होता आणि लेखकाने तो तिथेच सोडून दिला होता. काळोख काय होता हे न कळल्यामुळे पुढचा उजेडही मला फिका वाटू लागला. पिवळी झाडे कुणीही पाहावीत अशी सुंदर होती. ती त्याच माणसाने त्याच वर्षी का पाहिली, याला लेखात उत्तर नव्हते.

मराठवाड्याच्या साहित्यात हे घर भरपूर आहे, पण ते कथा-कादंबरीत आणि कवितेत. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (1971) या कादंबरीचे नावच वाळून गळलेल्या पानांचे. शिंप्याचे एक घर कसे मोडत जाते ते घरातल्या बाईच्या तोंडून, तिच्या बोलीत येते. वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांच्या एका संग्रहाचे नाव ‘दूर राहिला गाव’. आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्या वाङ्मयाने अशी वाटणीच करून टाकली आहे : घराची उदासी कथा-कवितेने सांगायची आणि बाहेरचा उजेड प्रवासलेखाने. एकाच अंकात शंभर पानांच्या अंतराने दोन्ही छापले जातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

एक साधी कसोटी

एवढ्या वाचनातून माझ्यापुरती मी एक कसोटी काढली आहे. प्रवासलेख हाती आला की मी विचारतो, यात घर दिसते का? घराचे गुणगान हवे असे नाही. घराचा राग असला तरी चालेल. मीना प्रभूंनी ज्या शहरात संसार केला त्यावर ‘माझं लंडन’ लिहिले. त्या ‘माझं’ शब्दात परके शहर घर होण्याची हकीकत आहे. गोडसे भटजींच्या कावडीत घर आहे, नामदेवांच्या मागे वळणाऱ्या मनात आहे, दांडेकरांनी पुन्हा पुन्हा गाठलेल्या राजगडात आहे. जिथे ते नाही, तिथे वर्णन कितीही चांगले असो, त्या जागी दुसऱ्या कुणाचेही नाव घातले तरी चालते.

छायाचित्रांसाठी हीच कसोटी थोडी बदलून लावता येते. चौकटीतून काय कापले आहे, हे लेखाने तरी सांगावे. रांग होती, असे लिहिले तर फुलांचे काही बिघडत नाही. हंडे घेतलेल्या बाईचे नाव विचारून, तिची हरकत नसेल तर ते छापले, तर छायाचित्र कमी सुंदर होत नाही. पाहणारा मात्र तिच्याकडे रंग म्हणून पाहू शकत नाही.

संपादकांपुढे एक सूचना ठेवतो. आजकाल प्रत्येक ट्रॉलीत एक तरी मोबाइल असतो आणि त्यात कॅमेरा असतो. फडातल्या पहाटेची, पाचटाच्या कोपीची, वजनकाट्यापुढच्या गाड्यांच्या रांगेची छायाचित्रे त्यात आहेत. ती माणसे घर सोडून सहा-सहा महिने प्रवास करतात, पण त्यांना कुणी प्रवासी म्हणत नाही आणि त्यांच्याकडे कुणी प्रवासलेख मागत नाही. हिमालयाची आठ पाने तशीच राहू द्यावीत. मला ती हवी आहेत. पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारी चार पाने या छायाचित्रांना द्यावीत, काढणाऱ्याचे नाव घालून आणि त्याने सांगितलेल्या मजकुरासह. मग एकाच शरदात निघालेल्या दोन वाटा एकाच अंकात समोरासमोर येतील, आणि वाचकाला दोन्ही घरे दिसतील.